मागणं लहान होत गेलं

हे मी बरी होऊन लिहीत नाहीये, एवढं आधीच सांगून टाकते. आजारपणावरची जी दोन-चार पुस्तकं लोकांनी मला आणून दिली, ती सगळी बऱ्या झालेल्या माणसांची होती. शेवटच्या पानावर कुणी डोंगर चढत होतं, कुणी नातवंडं खेळवत होतं. मी ती अर्ध्यावर मिटून ठेवली. मला तेव्हा असं कुणीतरी हवं होतं, जे अजून आतच आहे आणि आतून बोलतंय. तसं कुणी सापडलं नाही, म्हणून मीच लिहायला बसले. बसले म्हणजे उशांना टेकून. ज्यांना उपयोग होईल त्यांनी घ्यावं. धीर देणं मला जमेलच असं नाही.

माझं नाव शैलजा. माहेर नागपूरचं. लग्न होऊन काशीला, दुर्गाघाटावर आले त्याला वीस वर्षं उलटून गेली. मुलींच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवत होते. घरात आम्ही चौघं. माझे यजमान माधव महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची तीर्थश्राद्धं आणि पूजा सांगतात. सासऱ्यांना मी मामंजी म्हणते. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे आणि सगळं आयुष्य वेद म्हणण्यात आणि शिकवण्यात घालवलंय. आणि मुलगी ऋचा, तेव्हा अकरावीत. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण ऋचाची मराठी उंबरठ्यापर्यंतच. गल्लीत पाय ठेवला की हिंदी, आणि हल्ली उंबरठ्याच्या आतही निम्मी हिंदीच.

नेनुआ

पोट वाढत होतं. शाळेतल्या बाया म्हणाल्या, वय झालं की सुटतंच. मी ओवा खाल्ला, हिंगाचं पाणी प्यायले, जेवण कमी केलं. जेवण कमी केलं तरी पोट वाढतंय, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि चिठ्ठी लिहायला घेतली. सोनोग्राफी, रक्त, मग शहराच्या दुसऱ्या टोकाचं मोठं कॅन्सर हॉस्पिटल.

त्या दिवशी आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. आतून विचारणा झाली, "साथ में कौन है?" हे उठून आत गेले. दार पुरतं लागलं नव्हतं. फटीतून मला यांचा फक्त हात दिसत होता. टेबलाची कड धरलेला. पूजा सांगताना दर्भ धरणारी ती बोटं मी रोज पाहते, ती इतकी आवळलेली कधी पाहिली नव्हती. मी उठले आणि आत गेले.

डॉक्टर म्हणाले, "आप बाहर बैठिए, हम इनसे बात कर रहे हैं."

मी म्हणाले, "डॉक्टर साहब, पेट मेरा है."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग सगळं मलाच सांगितलं. ओव्हरीचा कॅन्सर आहे, पोटात पसरलाय, ऑपरेशन करू, केमो देऊ, बघू. त्या "देखते हैं" मध्ये किती काय असतं ते मला नंतर कळत गेलं.

परतताना मैदागिनला आम्ही ऑटोतून उतरलो. पुढं गल्ल्या, तिथं चालतच जायचं. कोपऱ्यावर भाजीवाला होता. हे थांबले. मग मला विचारलं, "घोसाळी घेऊ का?" इथं त्यांना नेनुआ म्हणतात. मी म्हटलं घ्या. कॅन्सर आणि नेनुआ घेऊन आम्ही घरी आलो. मी भाजी चिरली, फोडणी दिली. यांनी ताट पुढं ओढलं आणि तसंच ठेवलं. ऋचा दोन पोळ्या जास्त जेवली, कारण तिला अजून सांगितलेलं नव्हतं.

मामंजी

मामंजींना ऐकू कमी येतं. त्यामुळे ही बातमी यांनी त्यांना मोठ्यानं सांगितली, आणि जी गोष्ट आम्ही ऋचापासून लपवणार होतो ती तिनं जिन्यातूनच ऐकली.

मामंजी माझ्याकडे वळले. मग मला म्हणाले, "मुली, घाबरू नकोस. आपल्याकडे उपाय आहे." ते मला नेहमी सूनबाई म्हणायचे. मुली त्या दिवसापासून म्हणायला लागले.

त्यांचा उपाय म्हणजे महामृत्युंजयाचं अनुष्ठान. ऑपरेशनच्या आधी घरातल्या खालच्या दालनात ब्राह्मण जपाला बसले. सगळे मामंजींचे जुने विद्यार्थी. कुणी दक्षिणेचं नाव काढलं नाही. मी वरच्या खोलीत पडून ऐकत असे. संकल्पात माझं गोत्र, माझं नाव यायचं. शैलजानाम्न्याः... इतक्या माणसांनी माझं नाव एकदम घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पण खरं सांगायचं तर मी स्वतः काही मागत नव्हते. मला मागताच येत नव्हतं. आमच्या घरात देवापाशी मागणं हलकं समजत. मामंजी म्हणायचे, तो काय दुकान मांडून बसलाय? स्तोत्रं म्हणावीत, नमस्कार करावा, उठावं. मला कितीतरी स्तोत्रं पाठ. आज वाटतं, मी वर्षानुवर्षं देवापुढं पाठांतर म्हणून दाखवत होते, परीक्षेत म्हणून दाखवावं तसं. आणि मनात कुठंतरी मार्कांची अपेक्षाही होतीच.

खुर्ची

ऑपरेशनचं मला थोडंच आठवतं. घरी आणलं ते मात्र पक्कं आठवतं. आमच्या गल्लीत गाडी येत नाही. स्कूटर येते, पण टाके ओले असताना फरशीवरून स्कूटरवर बसणं शक्य नव्हतं. मग शेजारच्या चौघांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून चालू लागले. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाय आली तरी थांबावं लागतं. चौघांच्या खांद्याच्या उंचीवर मी. ओट्यांवर बसलेली माणसं वर पाहायची, मला पाहून नजर खाली करायची. एका म्हाताऱ्यानं चुकून हात जोडले आणि लगेच सोडले. काशीत चौघांनी उचलून नेलेल्या माणसाला बघून लोकांना काय आठवतं ते मला सांगायला नको. मी हसायचा प्रयत्न केला. हसल्यावर टाके दुखले.

चंपादेवी

केमोच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर बलियाच्या चंपादेवी असायच्या. त्यांना गर्भाशयाचा होता. आमच्या तारखा जुळायच्या, म्हणून दर खेपेला गाठ पडायची. सलाईन लावलं की दुपारपर्यंत हलायचं नाही. मग बोलणं. त्यांचे तीन मुलगे, एक गाय, घराची गळती, थोरल्या सुनेचा स्वभाव, हे सगळं मला माहीत झालं. मी मास्तरीण, त्यातून पंडितांच्या घरातली, हे त्यांना कळल्यावर त्या मला पंडिताइन म्हणायला लागल्या.

एका खेपेला त्यांचा चेहरा फार उतरलेला होता. रक्त कमी झालं होतं आणि केमो देता येईल की नाही हे ठरायचं होतं. त्या म्हणाल्या, "पंडिताइन, आप लोगों की तो वहाँ पहुँच है. हमरे लिए भी तनी कह दीजिए."

मी एक स्तोत्र म्हटलं. पुरतं, शुद्ध. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "इसमें हमारा नाम कहाँ आया?"

स्तोत्रात नाव नव्हतं. त्यात देवीच्या पैंजणांचं, कमरपट्ट्याचं, नेत्रांचं वर्णन होतं. मग मी सलाईनचा हात तसाच ठेवून, दुसऱ्या हातानं पदर सावरून, आयुष्यात पहिल्यांदा साध्या शब्दांत मागितलं. मराठीतच आलं ते. आई, या चंपाबाईंचं रक्त वाढू दे. त्यांना घरी गाय आहे. पुढं काय म्हणावं ते सुचेना, म्हणून तेच पुन्हा म्हटलं. त्यांना मराठी कळली नाही, पण चंपा कळलं. त्या म्हणाल्या, "हाँ, अब ठीक है."

त्या दिवशी त्यांना केमो दिली नाही. पुढच्या खेपेला त्या खाटेवर एक तरुण मुलगी होती. मी सिस्टरला विचारलं. तिनं माझ्या हातातली शीर शोधत राहून सांगितलं, "वो आंटी नहीं रहीं." माझ्या पहिल्या मागण्याचं असं झालं. मला राग आला नाही. लाज वाटली, कुणाचा निरोप पोचवायचं कबूल करून चुकीच्या दारात टाकून आल्यासारखी.

केस

केस गेले तेव्हा उरलेले मी काढूनच टाकले. थोडी शक्ती आल्यावर एका सकाळी यांच्याबरोबर पंचगंगा घाटावर जाऊन बसले. कपाळाला कुंकू होतं, पण पदर डोक्यावरून पुढं ओढलेला होता. सांगलीकडच्या यात्रेकरू बाया पायऱ्या उतरत होत्या. त्यातल्या एका आजींनी पदराआडचं माझं बोडकं डोकं पाहिलं, चुकचुकल्या आणि माझ्या ओच्यात दोन केळी टाकून म्हणाल्या, "काशीत राहतीस होय गं? पुण्यवान आहेस. धनी कधी गेले?"

धनी माझ्या शेजारीच पायरीवर बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आजी पुढं गेल्यावर आम्ही इतके हसलो की यांना ठसका लागला. केळी आम्ही तिथंच खाल्ली. एक त्यांनी, एक मी. उलटी झाली नाही. आजारपणातला चांगला दिवस कोणता असं मला कुणी विचारलं तर मी हाच सांगेन.

मागण्याची उतरंड

चंपादेवींनंतर मी मागायला शिकले, असं म्हणायला हरकत नाही. तोंड उघडलं ते उघडलंच. सुरुवातीला मोठं मागितलं. हा आजार मुळापासून जाऊ दे. मग व्यवहारी झाले: ऋचाचं लग्न पाहू दे. मग वाटलं, लग्न फार लांब आहे, देवाला अवघड जाईल. तिची बारावी होऊ दे. जणू मी कमी मागितलं तर त्याला द्यायला सोपं जाणार होतं.

तपासण्या चांगल्या आल्या. मी शाळेत परत रुजू झाले. मामंजींनी सगळ्या ब्राह्मणांना जेवायला बोलावलं. पुरण मी घातलं. ते दिवस मी इथं लिहीत नाही. थोडे होते आणि त्यात काही शिकण्यासारखं घडलं नाही, आम्ही नुसते आनंदात होतो.

मग पोट पुन्हा फुगायला लागलं.

या वेळी कुणी मला बाहेर बसवलं नाही. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, परत आलाय. दुसरी औषधं सुरू झाली, ती पहिल्यांपेक्षा वाईट होती. बाथरूमच्या फरशीवर बसून मी जे मागितलं ते असं: देवा, मला इथून उठता येऊ दे. एवढंच. ना मुलगी, ना लग्न, ना बारावी. कधी उठता आलं, कधी ऋचानं येऊन उठवलं. तोंडात फोड होते, पाणीही गिळवेना, तेव्हा मागितलं, एक घास जाऊ दे. थंडीचे दिवस होते. हे सकाळी चौखंब्याहून मलइयो घेऊन आले. दुधाचा केशरी फेस, तो इथं थंडीतच मिळतो. बाहेरचं खायला डॉक्टरांनी बंदी केली होती. मी दोन चमचे जिभेवर ठेवले, ते आपोआप विरघळून गेले. गिळावंच लागलं नाही. त्याला मी प्रार्थनेचं उत्तर म्हणत नाही. पण नाही म्हणायलाही जीभ धजत नाही.

घरात मात्र काहीतरी तुटलं होतं. ऋचा रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावायची, तो तिनं बंद केला. मामंजींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, तुमचं नाही ऐकलं, तो मेरी क्या सुनेगा?" यांनी तिला रागावून गप्प केलं. मामंजींना ऐकू गेलं नसेल असं आम्हाला वाटलं. पण संध्याकाळी ते माझ्या खाटेजवळ आले. काठी भिंतीला टेकवली आणि खाली मान घालून म्हणाले, "मुली, शास्त्रात चूक नाही. माझ्या उच्चारात कुठं राहिली असेल. दात पडल्यापासून मला दंत्य अक्षरांचा भरवसा नाही."

साठ वर्षं वेद शिकवलेला माणूस माझ्यासमोर असा उभा होता. मी म्हटलं, "मामंजी, तसं नसतं."

काशीबाहेर

दुसरी औषधंही चालेनात. माझा भाऊ मुंबईला असतो. तो म्हणाला, इथं घेऊन या, इथं एकदा दाखवू. आणि घरात एक प्रश्न उभा राहिला, जो दुसऱ्या कुठल्या गावात उभा राहिला नसता.

काशीत मरण आलं की सुटका, ही इथली श्रद्धा. त्यासाठी लांबून लांबून माणसं इथं येऊन राहतात. सासूबाई गेल्यावर मामंजींनी क्षेत्रसंन्यास घेतला. म्हणजे मरेपर्यंत काशीची सीमा ओलांडायची नाही, असं व्रत. नातेवाईक भेटायला यायचे ते हेच बोलायचे. काशीत आहेस, भाग्यवान आहेस, काही झालं तरी विश्वनाथाच्या पायाशी आहेस. लोक चांगल्या मनानं बोलायचे. पण मला जगायचं होतं. ज्या गावात सगळे चांगलं मरण मागायला येतात, तिथं जगणं मागणारी मी एकटीच पडल्यासारखी झाले होते. आणि आता, या अवस्थेत काशी सोडायची, आणि वाटेतच काही झालं तर?

यांनी निर्णय मामंजींवर सोडला. मला वाटलं ते नको म्हणतील. त्यांनी बराच विचार केला. मग मला विचारलं, "तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मला जगायचंय, मामंजी."

ते म्हणाले, "मरायचं असेल तर काशी सोडू नये. जगायचं असेल तर कुठंही जावं. जा."

मुंबईच्या गाडीत मला अंगावर घ्यायला चादर हवी होती, म्हणून मी यांची पिशवी उघडली. चादरीच्या घडीत गंगाजलाची छोटी बाटली होती आणि कागदात बांधलेली तुळशीची पानं. ती कशासाठी असतात ते मला न कळण्याइतकी मी भोळी नाही. शेवटच्या क्षणी तोंडात घालायला. त्यांनी ती कधी बांधून घेतली, कुणाला विचारून, मला माहीत नाही. हे एका स्टेशनवर चहा घ्यायला उतरले होते. मी सगळं होतं तसं ठेवलं आणि चादर न घेताच बसले. नंतर त्यांनी विचारलं, "थंडी वाजत नाही ना?" मी नाही म्हटलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी सगळी कागदपत्रं नीट पाहिली. बाई शांत होत्या. म्हणाल्या, तुमच्याकडे जे उपचार झाले ते योग्यच झाले, मीही हेच केलं असतं. आता आणखी केमोनं त्रासच होईल. भाऊ भांडायच्या बेतात होता. मी त्याचा हात धरला. मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दहाव्या मजल्याच्या खिडकीतून खाली पाहिलं तर सगळी माणसं कुठं ना कुठं चालली होती.

मी परत काशीला आले ते मरायला आले, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. स्टेशनवर उतरल्यावर यांनी ती गंगाजलाची पिशवी घट्ट धरली नाही, हमालाजवळ दिली.

आता

माझी खाट आता खाली, देवघराच्या खोलीत आहे. पोटात पाणी भरतं, ते हॉस्पिटलमध्ये जाऊन काढून आणतात. दुखण्यावर गोळ्या आहेत. त्या काही वेळ पुरतात. डॉक्टर म्हणतात, आता आरामाकडे लक्ष द्या.

मामंजींना आता जिना चढवत नाही, म्हणून वर होणारी त्यांची पूजाही याच खोलीत होते, मी जागी असताना. परवापरवापर्यंत मी त्यांचे मंत्र ऐकत पडून राहायचे. एका सकाळी पूजा झाल्यावर ते उठले नाहीत. मान खाली घातली. त्यांना वाटलं ते मनातल्या मनात बोलतायत. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा झालाय ते कळत नाही. ते म्हणाले, "देवा, हिला ठेव. मला ने. मी कधी काही मागितलं नाही. मागायचं नाही असं मी शिकवलं. चुकलो. आता मागतो." मग जरा थांबले आणि म्हणाले, "ऐकतोयस ना?"

मी डोळे मिटून घेतले. ते जाताना माझ्या पांघरुणाला हात लावून गेले.

देवानं त्यांना नेलं नाही. मला ठेवण्याचंही काही चिन्ह नाही. आमचं दोघांचंही मागणं तिथं कुठंतरी पडून आहे. पण त्या सकाळनंतर मला एकटं वाटेनासं झालं. इतके दिवस मला वाटायचं की या घरात भिकाऱ्यासारखं मागणारी मी एकटीच. आता आम्ही दोघं आहोत, एकाच दारात.

मी अजून मागते. काय मागते ते मात्र आता नेमकं सांगता येत नाही. शब्द आखडत आलेत. कधी नुसतं "देवा" म्हणते आणि पुढचं राहून जातं. ज्यांना माझ्यासारखं दुखणं आलंय त्यांनी मला विचारलं, प्रार्थनेनं काय होतं, तर मला ठामपणे सांगता येण्यासारखं काही नाही. पाणी भरायचं थांबत नाही. गाठी विरत नाहीत. माझ्या बाबतीत तरी नाही. शुद्ध उच्चारांचं मागणं फळलं नाही, चुकतमाकत केलेलंही फळलं नाही. तरी ज्या दिवशी मी मागत नाही, तो दिवस जास्त लांब जातो. एवढंच मला माहीत आहे.

परवा संध्याकाळी दुखणं अवेळी वर आलं. पुढच्या गोळीला अजून अवकाश होता. हे घाटावर गेले होते, मामंजींचा डोळा लागला होता. ऋचा माझे पाय चेपत बसली होती. तिच्या बारावीच्या परीक्षा जवळ आल्या आहेत, पुस्तक शेजारी पालथं पडलेलं. मी ओठ दाबून धरले होते, पण तिला दिसतच होतं. तिनं माझे पाय खाली ठेवले, उठली आणि देवघरासमोर जाऊन उभी राहिली. इतक्या महिन्यांनी. दिवा तिनं लावला नाही. हात जोडावेत की नाही ते तिला ठरवता येईना, मग तिनं ते तसेच ओढणीत गुंडाळून घेतले. आणि शेजारच्या काकूंकडे वाटीभर साखर मागावी तशा आवाजात म्हणाली, "आई का दर्द थोड़ा कम कर दीजिए. पूरा नहीं. थोड़ा."

ती परत आली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "आई, कमी झालं?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला बरं वाटलं असतं. पण खोटी साक्ष देऊन तिला देवाकडे पाठवावं, असं मला वाटेना.

"नाही गं," मी म्हटलं.

तिनं माझ्या पायांवर पांघरूण नीट घातलं. "अच्छा," म्हणाली, आणि पुन्हा उठून देवघरापुढं गेली. या वेळी मांडी घालून बसली.